तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपला न्यायाचा सिद्धांत कशाला हवा?

मी नेदरलँड्समध्ये राजकीय तत्त्वज्ञान शिकवते. युरोपातल्या समाजांसाठी न्यायाचा सिद्धांत कसा असावा, हा माझ्या संशोधनाचा विषय. हे सांगितलं की पुण्यात काय आणि इथल्या महाराष्ट्र मंडळात काय, प्रश्न ठरलेला असतो: "तिकडे तर सगळं आहेच की! शाळा आहेत, दवाखाने आहेत, नोकरी गेली तर भत्ता मिळतो. मग न्यायाचा सिद्धांत तिथे कशाला?" थोडी ओळख झाली की दुसराही येतो: "आणि तो तुम्ही का मांडायचा?"

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

युरोपात खूप काही आहे, हे खरंच आहे, आणि ते लोकांनी झगडून मिळवलेलं आहे. पण ते देशादेशांच्या कुंपणाच्या आत उभं राहिलं. न्यायाचा विचारही तसाच घडला. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली मांडलेली कल्पना अनेकांनी ऐकली असेल: आपण श्रीमंत घरात जन्मणार की गरीब, धडधाकट असणार की आजारी, हे माहीत नसताना समाजाचे नियम ठरवायला बसलो, तर कोणते नियम मान्य करू? फार ताकदीची कल्पना आहे. पण त्यात एक गृहीतक आहे. समाज बंदिस्त आहे, माणूस त्यात जन्माने येतो आणि मरणाने जातो. युरोपीय संघाचं तसं नाही. सदस्य देश २७, बाजार एक, वीसेक देशांत चलनही एक, पण कर, पेन्शन आणि शाळा ज्याच्या त्याच्या. २०२४च्या जानेवारीत बल्गेरियातलं किमान मासिक वेतन ४७७ युरो होतं, लक्झेंबर्गमध्ये २,५७१. दोन्ही देशांतल्या माणसाला एकमेकांच्या देशात जाऊन काम करायची मुभा आहे. या दोघांचं एकमेकांशी देणंघेणं काय, हे जुना सिद्धांत सांगू शकत नाही.

बेल्जियमचे तत्त्वज्ञ फिलिप व्हान पारेस यांनी यावर एक सरळ उपाय सुचवला. संघातल्या प्रत्येक कायदेशीर रहिवाशाला दरमहा सरासरी २०० युरो द्यायचे, पैसा मूल्यवर्धित करातून उभा करायचा. मला ही सूचना आवडते. कारण ती देशांच्या सरकारांशी नाही, थेट माणसाशी बोलते. पण पैसा पोचला म्हणजे न्याय पोचला असं होत नाही, आणि हे मला चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरानं शिकवलं.

ओस्त्रावा हे कोळशाचं आणि पोलादाचं शहर. रोमा हा युरोपभर विखुरलेला, बहुतेक ठिकाणी उपेक्षित असा अल्पसंख्याक समाज. तिथली १८ रोमा मुलं १९९६ ते १९९९ या काळात 'खास' शाळांत घातली गेली. मतिमंद ठरवलेल्या मुलांसाठीच्या त्या शाळा. अभ्यासक्रम हलका, पुढच्या वाटा मोजक्याच. मूल तिथे जायचं ते मानसशास्त्रीय चाचणीनंतर. चाचणी सगळ्यांना एकच. कायद्यात रोमा हा शब्दही नव्हता. आणि प्रत्येक फॉर्मवर पालकांची सही होती. कागदोपत्री कुठेही बोट ठेवायला जागा नाही!

या मुलांच्या वकिलांनी शहरातल्या शाळांची मोजदाद मांडली. सर्व प्राथमिक शाळांतल्या मुलांमध्ये रोमा मुलं २.२६ टक्के, आणि खास शाळांत ५६ टक्के. इतर मुलापेक्षा रोमा मूल खास शाळेत जाण्याची शक्यता २७ पट. प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं. २००६ साली सात न्यायाधीशांच्या पीठानं सहा विरुद्ध एक असा निकाल दिला: भेदभाव झालेला नाही. वंश पाहून कुणी कुणाला बाहेर काढलं, असं सिद्ध होत नव्हतं. पुढे १३ नोव्हेंबर २००७ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानं १३ विरुद्ध ४ मतांनी तो निकाल फिरवला.

या दुसऱ्या निकालपत्रातला युक्तिवाद मी विद्यार्थ्यांबरोबर ओळीओळीनं वाचते. न्यायालय म्हणतं, आकडे अगदी काटेकोर नसतीलही, पण कल स्पष्ट आहे. एवढा कल दिसला की हेतू सिद्ध करण्याचं ओझं मुलांवर राहत नाही. तो फरक वंशाशी संबंध नसलेल्या कारणानं पडला, हे आता सरकारनं दाखवायचं. सरकारला ते दाखवता आलं नाही. चाचण्या बहुसंख्याक मुलं डोळ्यांपुढे ठेवून बेतलेल्या होत्या. पालकांच्या सह्यांचं म्हणाल, तर पुढे काय वाढून ठेवलंय हे कळेल एवढी माहिती त्यांना कुणी दिलीच नव्हती. आणि दिली असती तरी, वांशिक भेदभाव होऊ न देण्याचा हक्क सहीनं सोडून देता येत नाही.

माझ्या सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. न्यायाचे बहुतेक सिद्धांत 'कुणाला किती मिळावं' इथून सुरू होतात. युरोपसाठी सुरुवात 'खुलासा कुणी करायचा' इथून व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. आजच्या युरोपात कायद्याच्या भाषेत उघड अन्याय क्वचितच सापडतो. तिथला अन्याय नियमानुसार होतो, सगळे फॉर्म नीट भरून होतो. अशा वेळी ज्याच्या वाट्याला खालची जागा आली, त्यालाच 'सिद्ध कर' म्हणणं हाच मूळ अन्याय आहे. व्यवस्था ज्यांच्या हातात आहे, त्यांनी तिच्या परिणामांचा खुलासा करावा. खुलासा पटण्याजोगा नसेल तर व्यवस्था बदलावी.

हे फक्त अल्पसंख्याकांपुरतं नाही. रोमानिया २००७ मध्ये युरोपीय संघात आला आणि तिथले डॉक्टर मोठ्या संख्येनं जर्मनी, फ्रान्स, ब्रिटनकडे गेले. त्यांचं शिक्षण रोमानियाच्या करदात्यांच्या पैशातून झालेलं. डॉक्टरांचं काय चुकलं? काहीच नाही. जर्मन रुग्णालयाचं? नियमाप्रमाणे काहीच नाही. पण रोमानियातल्या खेड्यातल्या म्हातारीला डॉक्टर मिळेना. ही गळती थांबवायला २०१८ मध्ये रोमानियानं डॉक्टरांचे पगार एकदम दुपटीच्या वर नेले, म्हणजे ओझं पुन्हा गरीब देशानंच उचललं. माझ्या कसोटीनं विचाराल तर खुलासा द्यायचा आहे तो फायदा झालेल्या देशांनी. त्यांनी डॉक्टर परत पाठवावेत असं मी म्हणत नाही, जाण्याचं स्वातंत्र्य मला मोलाचं वाटतं. पण घडवलेला माणूस आयता मिळाला, तर घडवण्याच्या खर्चात वाटा द्यायला नको?

आता तुमचा दुसरा प्रश्न. रोमांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी भारतातून गेले, म्हणून मला हा विषय जवळचा वाटत असेल, असं काही जण धरून चालतात. तसं नाही. ते कुठूनही आलेले असते तरी त्यांचा हक्क तेवढाच राहिला असता. खरा दुवा वेगळाच आहे. हंगेरीच्या ईशान्य भागात शायोकाझा नावाचं खेडं आहे. तिथे टिबोर डेरडाक आणि यानोश ओर्शोश यांनी रोमा मुलांसाठी माध्यमिक शाळा काढली आणि तिला नाव दिलं डॉ. आंबेडकरांचं. त्यांच्या संस्थेचं नाव जय भीम. हे नाव महाराष्ट्रातून तिथे गेलं ते कामाचं म्हणून, आंबेडकरी चळवळीशी थेट नातं जोडून गेलं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतो आहोत. ते वाक्य मी ओस्त्रावाच्या निकालाशेजारी ठेवून शिकवते, तेव्हा युरोपीय विद्यार्थ्यांना ते आपल्याविषयीच वाटतं. युरोपच्या न्यायाबद्दल बोलायला मराठी माणसाजवळ काय आहे, असं वाटणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे.

माझ्या विद्यार्थ्यांचा सर्वात जड आक्षेप मात्र वेगळा असतो: लोकांनाच हा न्याय वाटला नाही तर? हंगेरीतल्या ग्योंग्योशपाता गावच्या शाळेत रोमा मुलांचे वर्ग वर्षानुवर्षं वेगळे भरत होते. ही मुलं तळमजल्यावर, बाकीची वरच्या. साठेक मुलांना मिळून सुमारे १० कोटी फोरिंट (हंगेरीचं चलन) भरपाई द्यावी, असा आदेश कोर्टानं दिला. २०२०च्या सुरुवातीला पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी जाहीरपणे विरोध केला. काम न करता एका समाजाला एवढी रक्कम मिळते, हे गावाच्या न्यायबुद्धीला पटत नाही, असा त्यांचा रोख होता. मे महिन्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं पैसे द्यावेच लागतील असं सांगितलं. त्यानंतर काही आठवड्यांत संसदेनं कायदा बदलला. यापुढे शाळेनं असं नुकसान केलं तर भरपाई रोख नाही, शिक्षणाच्या किंवा प्रशिक्षणाच्या रूपात.

गावकऱ्यांची ती भावना खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण तळमजल्यावरच्या मुलांनाही न्यायबुद्धी होती. ती कुणी विचारली नाही. बहुसंख्याकांना काय रास्त वाटतं यावर सिद्धांत उभा केला, तर खुलासा मागण्याचा अधिकारच त्यांच्या मर्जीवर राहतो. म्हणून तो अधिकार मतदानाच्या आवाक्याबाहेर ठेवला पाहिजे, इथवर मी आले आहे. पुढचा पेच त्या कायदाबदलाचा आहे. ज्या शाळाव्यवस्थेनं मुलाचं नुकसान केलं, भरपाईचं शिक्षणही ती किंवा तिच्यासारखीच दुसरी देणार. ते नाकारण्याचा हक्क मुलाला असावा का, आणि असला तर त्याची किंमत कुणी भरायची, हे प्रकरण मी सध्या लिहिते आहे.