गाडीला डेंट आणि दवावर पाच बोटं

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, शनिवार. पावणेसातला टेकडीवर जायला म्हणून खाली उतरले, स्वेटर, वर शाल, कारण आमच्या कोथरूडला महात्मा सोसायटीच्या बाजूला टेकडीवरून जी गार हवा उतरते ना ती थेट हाडात जाते. पार्किंगमधून जाताना सवयीने आपल्या गाडीकडे बघितलं तर मागच्या डाव्या बाजूला खाली फरशीवर लाल प्लास्टिकचे तुकडे. टेल लॅम्प फुटलेला. त्याच्या पुढे क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, आत गेलेलं, आणि तिथून मागच्या दारापर्यंत पांढऱ्या रंगाचा ओरखडा, चांगला हातभर लांब.

गाडी काही भारी नाही, २०१८ ची सिल्व्हर वॅगन आर आहे. पण माझ्या पगारातून घेतलेली पहिली गाडी, हप्ते मी फेडलेत, आणि एवढ्या वर्षांत तिला एकही मोठा ओरखडा नव्हता. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज चालवून, लक्ष्मी रोडला गणपतीच्या दिवसांत अडकून सुद्धा नव्हता. आणि झाला तो उभ्या गाडीला, स्वतःच्या जागेवर, पिवळ्या पट्टीच्या आत.

पण मला जे लागलं ते वेगळंच. सगळ्या गाडीवर दव होतं, पांढरं, दाट, काचेवर नाव लिहिता येईल इतकं. आणि डेंटच्या बरोबर वर त्या दवात पाच बोटांच्या रेघा होत्या. कोणीतरी गाडीला धक्का लागल्यावर उतरलं होतं, तिथे हात फिरवून किती लागलंय ते बघितलं होतं, आणि निघून गेलं होतं. बोटं फिरलेल्या जागेवर पुन्हा दव धरलं नव्हतं म्हणजे फार वेळ झालेला नव्हता, तासाभरापूर्वीचीच गोष्ट. मी तिथे उभी राहून त्या रेघांकडेच बघत बसले. समजा अंधारात कळलंच नसतं की धक्का लागला, तर मी समजू शकले असते. पण हात लावून बघितलंय म्हणजे कळलंय. मग माझी बेल का नाही वाजवली? वायपरखाली एक चिठ्ठी तरी?

टेकडी राहिली बाजूला. आधी फोटो काढले, आणि हे सगळ्यांनी करा, ऊन यायच्या आत करा. बोटांच्या रेघा, तुटलेले तुकडे जसे पडलेत तसे, चारही चाकं पट्टीच्या आत आहेत हे दिसेल असा एक लांबून, नंबर प्लेटसकट एक. तो चाकांचा फोटो पुढे फार उपयोगी पडला, सांगते.

वॉचमन दादा गेटपाशी शेकोटीजवळ कानटोपी घालून बसले होते. मी त्यांना काही विचारलं नाही. म्हणजे विचारावंसं खूप वाटलं, पण त्यांनी एका मेंबरचं नाव दुसऱ्या मेंबरला सांगायचं आणि मग त्यांची नोकरी अडचणीत यायची हे मला नको होतं. त्यापेक्षा सेक्रेटरींना फोन केला, कॅमेरा बघायचाय म्हटलं. ते चांगले आहेत, नऊ वाजता ऑफिस उघडून दिलं.

फुटेज काळंपांढरं, रात्रीचं असतं तसं. ५:५२. समोरच्या ओळीतली पांढरी डिझायर सुरू होते, पुढचा वायपर दोनदा फिरतो, पुढची काच स्वच्छ, आणि मागची काच मात्र पूर्ण दवाने झाकलेली, अगदी दूध ओतल्यासारखी. दोन्ही आरसे पण तसेच. तशीच गाडी रिव्हर्सला येते आणि माझ्या गाडीला लागते. मग दार उघडतं, मोबाईलचा टॉर्च लागतो, आणि बी विंगमधले काका खाली वाकून हात फिरवतात. मग वर बघतात, खिडक्यांकडे. मग गाडीत बसून निघून जातात.

बी विंगमधले काका म्हणजे आमच्या गणपतीत आरतीला सगळ्यात पुढे असणारे, माझी आई आजारी होती तेव्हा दोनदा स्वतः येऊन चौकशी करून गेलेले. म्हणून जास्त वाईट वाटलं.

भावाला फोन केला तर तो एकदम तापला. म्हणाला ग्रुपवर टाक तो व्हिडिओ, सगळ्यांना कळू दे. नाहीतर चौकीत जाऊन एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, कर. त्याचं कायद्याने बरोबरच होतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये आहे की अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर चालकाने पोलिसांना २४ तासांच्या आत कळवायचं, आणि विमा कंपनीला पण लेखी कळवायचं. पण मला ज्या माणसाच्या घरी हळदीकुंकवाला जायचंय संक्रांतीला, त्याच्यावर ग्रुपमध्ये चोवीस घरांनी तुटून पडलेलं बघायचं नव्हतं. व्हिडिओ एकदा ग्रुपवर गेला की परत घेता येत नाही. म्हणून आधी घरी जाऊन बोलायचं ठरवलं, आणि जायच्या आधी हातात आकडे असावेत म्हणून गाडी गॅरेजला दाखवून एस्टिमेट घेतलं. टेल लॅम्प १,६००, डेंटिंग २,४००, दोन पॅनलचं पेंटिंग ८,०००. सगळं टॅक्स धरून १२,०००.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता गेले. काकूंनी दार उघडलं, अगं ये ये, चहा टाकते. त्यांना काहीच माहीत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. काका पेपर वाचत होते, मला बघून पेपर खाली ठेवला पण चष्मा काढला नाही.

मी म्हटलं, "काका, काल पहाटे माझ्या गाडीला लागलंय. तुम्हाला काही माहितीये का?" मुद्दाम असं विचारलं, त्यांना स्वतःहून सांगायची संधी मिळावी म्हणून.

"जुनाच असेल गं डेंट, आज लक्ष गेलं असेल तुझं."

मग मी फोटो दाखवला, बोटांच्या रेघांचा. आणि हळूच म्हटलं की कॅमेऱ्यात आहे, ५:५२ चं आहे, मी कोणाला दाखवलेलं नाही.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "तुझी गाडी पण जरा बाहेरच असते पट्टीच्या." तेव्हा तो चारही चाकांचा फोटो काढला. त्यावर ते म्हणाले, "बरं, मग इन्शुरन्स भरतेस ना? ते देतील की. त्याचसाठी तर भरतो आपण."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की इथे नीट लिहिते, कारण मला सुद्धा त्या एस्टिमेटच्या दिवशीच सगळं बसून कळलं. काकांना मी पेपरच्याच मार्जिनवर मांडून दाखवलं.

माझी गाडी पाच वर्षांच्या पुढची, घसारा न कापता पार्टची पूर्ण किंमत देणारं झिरो डेपचं जादा कव्हर मी बंद केलंय. म्हणजे क्लेम केला की प्लास्टिकच्या पार्टची निम्मी किंमत कापतात, लॅम्पचे ८०० गेले. पेंटिंगच्या बिलातला २५ टक्के भाग मटेरियल धरतात आणि त्याचे निम्मे कापतात, ८,००० चे १,००० गेले. आणि १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आपण भरायचेच असतात, तो कम्पल्सरी भाग. १२,००० मधले हातात येणार ९,२००. इथपर्यंत ठीक वाटतं ना? पण खरा फटका नो क्लेम बोनसचा. सलग पाच वर्षं क्लेम नसला की ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या, प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते, मला ती मिळतीये. एक क्लेम केला की ती थेट शून्यावर. मग परत पहिल्यापासून चढायचं, २०, २५, ३५, ४५ आणि मग कुठे ५०. माझा ओन डॅमेजचा भाग सूट न धरता साधारण ६,००० आहे, मी ३,००० भरते. क्लेम केला तर पुढच्या वर्षी ३,००० जास्त, मग १,८००, मग १,५००, ९००, ३००. रक्कम दरवर्षी थोडी बदलते पण ढोबळ ७,५००. म्हणजे ९,२०० मिळवायला ७,५०० घालवायचे. माझा फायदा सतराशे रुपये, आणि त्यात सर्व्हेअरची वाट बघणं, फॉर्म, आरसी, लायसन्स हे सगळं वेगळं. बाराशे-पंधराशेचा डेंट असेल तर क्लेम करायचा विचारच करू नका, आणि दहा-बारा हजारांत असाल तरी आधी कागदावर हे मांडा आणि मगच फोन लावा.

काकांच्या पॉलिसीच्या थर्ड पार्टीत खरं तर हे बसतं, प्रायव्हेट गाडीला दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंतचं कव्हर असतं. पण ते मिळवायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं, बारा हजारांसाठी कोण वकील करणार.

काका म्हणाले, "निम्मे निम्मे करू मग."

मी नाही म्हटलं. आवाज चढवला नाही, पण नाही म्हटलं. निम्मे का? माझी गाडी बंद होती, हँडब्रेक ओढलेला, मी वर झोपलेली. यात माझा वाटा कुठलाच नाही. आपल्याकडे शेजारी म्हटलं की लगेच निम्म्यावर येतात आणि ज्याचं नुकसान झालं त्यानेच संबंध टिकवायचे म्हणून गप्प बसायचं, हे मला मान्य नाही. मी त्यांना म्हटलं, "काका, पैशांचं नंतर बघू. मला फक्त एवढं सांगा, हात लावून बघितलंत, मग बेल का नाही वाजवलीत?"

तेव्हा त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "लाज वाटली गं. चाळीस वर्षं चालवतोय गाडी." आणि मग, "वाटलं दुपारी सांगू. दुपारी वाटलं उद्या सांगू."

काकू चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि काकांना एवढंच म्हणाल्या, "मला पण नाही सांगितलंत?" बास. त्यापुढे पैशांबद्दल कोणी काही बोललं नाही. रात्री नऊ वाजता माझ्या जीपेवर पूर्ण १२,००० आले.

सोमवारी गाडी टाकली. पेंटवाला म्हणाला थंडीत रंग वाळायला वेळ लागतो ताई, घाई केली तर नंतर उचलेल, गुरुवार धरा. चार दिवस आयडियल कॉलनीवरून मेट्रोने ऑफिसला गेले, बंड गार्डनला उतरून, खरं सांगायचं तर बरंच वाटलं. गाडी शुक्रवारी मिळाली. सिल्व्हरचा शेड जमवणं अवघड असतं हे तो आधीच बोलला होता, सावलीत काही कळत नाही पण दुपारच्या उन्हात दार आणि शेजारचं पॅनल किंचित वेगळं दिसतं. मला दिसतं. दुसऱ्या कोणाला दिसणार नाही बहुतेक.

काका दोन-तीन दिवस लिफ्टमध्ये भेटले तर मजल्याच्या आकड्यांकडे बघायचे. मला ते नको होतं. पैसे देऊन सुद्धा माणूस तोंड चुकवत असेल तर मग मी ग्रुपवर टाकलं काय आणि नाही टाकलं काय, सारखंच झालं. आणि दुसरं म्हणजे धक्का लागायचं कारण तसंच होतं, थंडी संपली नव्हती, जानेवारी पूर्ण बाकी होता. आकाश निरभ्र असलं की रात्री गाडीचा पत्रा आणि काचा हवेपेक्षा जास्त गार पडतात आणि हवेतलं बाष्प त्यांच्यावर धरतं. आमच्या सोसायटीत अकरा गाड्यांपुरती आच्छादलेली जागा, बाकी सगळ्या उघड्यावर, म्हणजे रोज पहाटे वीसेक आंधळ्या काचा. काका रोज पहाटे पर्वतीला जातात, गाडी सारसबागेपाशी लावून. आज माझी गाडी, उद्या शेकोटीवरून उठून गेट उघडायला निघालेला वॉचमन मागे असू शकतो. हे डोक्यातून जाईना.

म्हणून पुढच्या शनिवारी मीच पावणेसहाला खाली उतरून थांबले. काका आले, मला बघून दचकले. मी म्हटलं काका, किल्ली द्या जरा, एक दाखवते. त्यांच्या डिझायरच्या मागच्या काचेत त्या बारीक नारिंगी आडव्या रेघा आहेत ना, त्या डिझाईन नाहीत, तारा आहेत, तापतात. डॅशबोर्डवर चौकोनात तीन नागमोडी बाणांचं बटण असतं ते त्याचं. काकांनी सहा वर्षांत ते कधी दाबलं नव्हतं, त्यांना वाटायचं एसीचं काहीतरी आहे. आतून काच धुरकट होते तेव्हा पण एसी लावायचा, थंडी असली तरी, कारण एसी आतली हवा कोरडी करतो. आणि आरसे मात्र फडक्यानेच पुसायचे, ते मी माझ्याकडचं जुनं सुती फडकं देऊन ठेवलं.

इंजिन चालू करून बटण दाबलं आणि आम्ही दोघं मागे उभे राहिलो, हात शालीत. मिनिटभर काहीच झालं नाही. काका म्हणाले, "बिघडलंय वाटतं." मग पहिल्या तारेवरचं दव विरघळून एक काळी रेघ उमटली, मग तिच्या खालची, मग अजून एक, आणि रेघा रुंद होत होत एकमेकींना मिळाल्या. काका वाकून आत ड्रायव्हरच्या सीटवर बसले, आरशात बघितलं.

"दिसतीये," म्हणाले. "तुझी गाडी दिसतीये."