आकडा वाढला म्हणजे आजार वाढला का?

एचआयव्ही आणि गुप्तरोगांच्या तपासणीचे जिल्ह्याचे मासिक अहवाल जुळवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे लग्नकार्यात भेटणाऱ्या नातेवाइकांपासून स्थानिक पत्रकारांपर्यंत सगळे मला एकच विचारतात, की हे आजार वाढत आहेत की कमी होत आहेत. त्यांना एका शब्दात उत्तर हवे असते आणि मी उलट विचारतो, की तपासणी कोणाची झाली? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा, एका केंद्रात एका महिन्यात ५०० तपासण्यांत १० जण पॉझिटिव्ह आले आणि पुढच्या महिन्यात २०० तपासण्यांत ६ आले. रुग्णांची संख्या घटली, टक्केवारी मात्र २ वरून ३ झाली, आणि तरीही आजाराबद्दल यातून काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या महिन्यात गरोदर स्त्रियांचे तपासणी शिबिर होते आणि दुसऱ्या महिन्यात लक्षणे घेऊन आलेलेच उरले, एवढेही कारण पुरते. २०२० च्या टाळेबंदीत लोक केंद्रापर्यंत पोहोचलेच नाहीत. त्या वर्षाचा उतार आलेखावर सुंदर दिसतो, पण तो आजाराचा म्हणून वाचणे चूक आहे.

हा घोळ टळावा म्हणूनच १९९८ पासून देशभर एचआयव्हीचे प्रहरी सर्वेक्षण (सेंटिनल सर्व्हेलन्स), म्हणजे निवडक ठिकाणांवरून आजाराचा कल पाहणे, होऊ लागले. ठरावीक दवाखान्यांत, ठरावीक तीन महिन्यांत, पहिल्यांदा नोंदणीला आलेल्या गरोदर स्त्रियांचे ओळीने ४०० नमुने घ्यायचे, तेही अनेक वर्षे नाव न जोडता. निवडीची पद्धत तीच राहते, म्हणून एका फेरीची तुलना दुसरीशी करता येते. रोजच्या रजिस्टरला ती शिस्त नसते.

उपदंशाचे, म्हणजे लोक ज्याला गरमी म्हणतात त्याचे, आणखी वेगळे. व्हीडीआरएल ही त्याची रक्ततपासणी काही जणांत उपचारानंतरही वर्षानुवर्षे रिअॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, राहते, आणि जुनी नोंद न पाहता आकडा चढवला की बरा झालेला माणूस दुसऱ्यांदा रुग्ण ठरतो. परम्याचा, म्हणजे गोनोरियाचा, तर अनेक ठिकाणी आकडाच तयार होत नाही, कारण जननेंद्रियातून स्राव दिसला की प्रयोगशाळेची वाट न पाहता राखाडी किटमधल्या, म्हणजे अशा लक्षणांसाठी ठरवलेल्या राखाडी रंगाच्या औषध-पाकिटातल्या, गोळ्या दिल्या जातात. रुग्णासाठी ते योग्यच आहे. मात्र लक्षणेच नसलेल्या स्त्रिया, आणि त्या पुष्कळ असतात, ना किटच्या हिशेबात येतात ना तपासणीच्या.

पण मला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण स्वीडनचे आहे. २००६ मध्ये तिथल्या हालांड प्रांतात क्लॅमिडिया या जिवाणूमुळे होणाऱ्या गुप्तरोगाचे रुग्ण अचानक सुमारे २५ टक्क्यांनी घटले. प्रयोगशाळेतल्या मंडळींना मात्र शंका आली आणि शोध घेतल्यावर कळले, की या जिवाणूच्या एका नव्या प्रकारातून जनुकीय साखळीचा ३७७ अक्षरांचा तुकडा गळला होता, आणि तिथले तपासणी किट नेमका तोच भाग शोधत होते. जंतू शरीरात होता, अहवाल निगेटिव्ह येत होता, आणि निर्धास्त झालेला माणूस उपचाराविना तो पुढे पसरवत होता. जंतूचा दुसरा भाग शोधणारे किट वापरणाऱ्या प्रांतांत हा प्रकार सापडत आणि बरा होत राहिला, म्हणून तिथे त्याचे प्रमाण कमी राहिले. म्हणजे तपासणीने आजार मोजण्यात चूक केलीच, शिवाय कोणता जंतू टिकेल हेही तिनेच ठरवले.

तेव्हापासून एखाद्या तालुक्याच्या अहवालात चांगली घट दिसली, की अभिनंदनाचा फोन करण्याआधी मी तिथल्या तंत्रज्ञांना विचारतो, की त्या महिन्यात किट कोणते होते आणि किती दिवस संपलेले होते.