मला चित्रपट नको होता, एक पान हवं होतं

'अ‍ॅडेल' हा 1919 चा अमेरिकन मूकपट आता कुठेच उरलेला नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. महायुद्धातली परिचारिका आणि तिचं प्रेम. दिग्दर्शक वॉलेस वर्स्ली, नायिका किटी गॉर्डन. माझ्या आईचं आयुष्य वॉर्डात रात्रपाळ्या करण्यात गेलं, म्हणून असले जुने चित्रपट मी शोधत असते. तो ज्यावर बेतलाय ती 1915 ची कादंबरी दोन रात्रींत वाचून झाली. राहिलं होतं चित्रपटाचं एका साप्ताहिकातलं परीक्षण. ऑनलाइन स्कॅनमध्ये नेमकं तेच पान बांधणीत दुमडलेलं, उजवीकडचा रकाना अर्धा गायब.

छापील खंड एका परदेशी ग्रंथालयात होता. तिथे अर्ज केला आणि घोडं अडलं ते अडलंच. 'रिळाचा क्रमांक' या रकान्यापुढे लाल चांदणी. रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकेना, 'नाही' लिहिलं तर म्हणे फक्त अंक भरा. शून्य भरलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: हा चित्रपट आमच्या संग्रहात नाही. अहो, तो कुणाच्याच संग्रहात नाही! मी पान मागतेय. पुन्हा पत्र, पुन्हा नवा विनंती क्रमांक, पुन्हा तेच उत्तर, फक्त खालची सही वेगळी. चौथ्या वेळी तर 'विनंती पूर्ण झाली' म्हणून बंदच करून टाकली. त्या दिवशी मी रडकुंडीला आले. 1912 ते 1929 मध्ये अमेरिकेत जवळपास 11,000 मूक कथापट निघाले, त्यातले मूळ स्वरूपात 14 टक्केच उरलेत, असं लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 2013 चा अहवाल सांगतो. बाकी कितीतरी चित्रपटांचं जे उरलंय ते कागदावरच. मग कागद मागणाऱ्याला रिळाचा क्रमांक का विचारायचा?

शेवटी अर्जातून चित्रपटाचं नावच काढलं. विभाग 'नियतकालिकं', खंड, अंकाची तारीख, पान. बस्स. चौथ्या दिवशी स्कॅन हातात!

हो, आणि हे आधीच सांगायला हवं होतं: मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीत, म्हणजे जुन्या सिनेनियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात, नुसतं 'अ‍ॅडेल' शोधू नका, त्या नावाच्या बायकांचाच ढीग पुढ्यात येतो. नटीचं नाव टाका.

पान मोठं छापून घेतलं आणि आईला ओळ न् ओळ मराठीत सांगितली. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "रात्रपाळीचं काही लिहिलंय का गं?"