रेग स्प्रिग यांचे दगड

आज लेकीला घेऊन अ‍ॅडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियमला गेले होते. डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाच्या ठशापुढून पाय निघेना. वालुकाश्मावर तळहाताएवढा लंबगोल, मधल्या रेघेपासून दोन्हीकडे बारीक बारीक पट्ट्या. समोरून नुसता दगड. तिरपा उजेड पडला की एकेक पट्टी उठून दिसते. वय जवळपास ५५ कोटी वर्षं!

१९४६ मध्ये रेग स्प्रिग हे तरुण सरकारी भूवैज्ञानिक दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या इडियाकारा टेकड्यांत बंद पडलेल्या खाणी तपासायला गेले आणि तिथे त्यांना असे ठसे दिसले. हाडं नाहीत, कवच नाही, तरी दगडात उमटलेले जीव. त्यांना ते जेलीफिश वाटले. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे ते तेल आणि खनिजांच्या शोधाकडे वळले.

२००४ मध्ये या जीवांच्या अख्ख्या कालखंडाला त्या टेकड्यांवरून इडियाकारन हे अधिकृत नाव मिळालं. २०१८ मध्ये रशियातल्या डिकिन्सोनियात प्राण्यांची खूण असलेल्या कोलेस्टेरॉलचे अंश सापडले, म्हणजे तो प्राणीच! स्प्रिग मात्र १९९४ मध्येच गेले. याची मला दिवसभर फार हळहळ वाटतेय.

लेक काचेला नाक लावून विचारत होती, "आई, याचं तोंड कुठंय गं?" दोघी पुन्हा वाकून शोधत बसलो. तोंड काही सापडलं नाही.