यीस्ट आहे, नाव मागाहून कळवते

सकाळी लॅबमध्ये ब्लड कल्चरच्या मशीनने बाटली फ्लॅग केली, म्हणजे रक्ताच्या नमुन्यात काहीतरी वाढतंय असं सांगितलं, तेव्हा पेशंटचं नाव आम्हाला पाठ झालेलं होतं. आतडं फुटून दोनदा ऑपरेशन, मानेतल्या मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन), शिरेतूनच पोषण, डायलिसिस. मेरोपेनेम आणि व्हँकोमायसिन ही बॅक्टेरियावरची औषधं चालू असूनही ताप हटत नव्हता. रक्तात कॅन्डिडा, म्हणजे यीस्ट प्रकारची बुरशी, शिरायला आणखी काय हवं?

आदल्या दिवशी आयसीयूने रक्तातल्या बीटा-डी-ग्लुकनची टेस्ट पाठवली होती आणि ते वाढलेलं आलं होतं. बुरशीच्या पेशीभित्तिकेतला हा घटक कल्चरच्या आधी इशारा देऊ शकतो. पण पेशंटला नुकतंच अल्ब्युमिन हे प्रथिन चढवलेलं होतं, आणि त्यामुळे ही टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. काही प्रकारच्या डायलिसिस फिल्टरनेही तसंच होतं. त्यामुळे औषध सुरू करायचं की नाही, यावर टीम अडली होती. खरं तर ही टेस्ट निगेटिव्ह आली की माझा तिच्यावर जास्त विश्वास बसतो. आधीचं कल्चर निगेटिव्ह होतं, पण त्याने कुणी निर्धास्त होऊ नये. शरीरात खोलवर कॅन्डिडा पसरलेला असताना ब्लड कल्चरमध्ये जवळपास निम्म्या वेळा काहीच उगवत नाही.

फ्लॅग झालेली बाटली ॲनेरोबिक, म्हणजे ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंसाठीची होती. जोडीची एरोबिक, म्हणजे ऑक्सिजनवाली, अजून गप्पच. यीस्ट बहुतेक वेळा एरोबिकमध्ये आधी येतं, म्हणून मी बॅक्टेरिया गृहीत धरूनच स्लाइड लावली. ऑइल इमर्शनखाली गडद जांभळ्या, अंडाकृती पेशी दिसल्या, काहींना एका टोकाला कळी फुटलेली. पण फार बारीक, आसपासच्या तांबड्या पेशींच्या निम्म्यासुद्धा नाहीत. सगळी स्लाइड धुंडाळली, स्यूडोहायफी, म्हणजे लांबट पेशींच्या साखळ्या, एकही नाही.

थुंकीत किंवा लघवीत कॅन्डिडा सापडला तर तो नुसता तिथे वस्तीला असू शकतो. रक्तात एका बाटलीत आला तरी तो खराच मानायचा. मी लगेच आयसीयूत फोन लावला.

"यीस्ट आहे. नाव मागाहून कळवते."

"मॅडम, मग फ्लुकोनाझोल सुरू करतो."

"अरे थांब. पेशी लहान आहेत, स्यूडोहायफी नाहीत, आणि आलंय ॲनेरोबिकमध्ये. मला ग्लाब्राटाचा संशय आहे. तुझ्या सरांना विचार, पण मी मायकाफंगिन म्हणेन. आणि ती लाइन काढता येते का बघा."

ग्लाब्राटा या कॅन्डिडाच्या प्रजातीवर फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाचा भरवसा धरता येत नाही. एवढ्या आजारी पेशंटला तसंही आधी एकायनोकॅन्डिन, म्हणजे मायकाफंगिनच्या गटातलं औषधच देतात.

मग माल्डी-टॉफ, म्हणजे जंतूला त्याच्या प्रथिनांवरून ओळखणारं मशीन. प्लेटवर उगवलेला जंतूंचा पुंजका, म्हणजे कॉलनी, हातात असेल तर हे मशीन काही मिनिटांत नाव सांगतं, पण कॉलनी उगवायला दुसरा दिवस उजाडतो. म्हणून बाटलीतलंच रक्त घेतलं, डिटर्जंटने रक्तपेशी फोडल्या, सेंट्रिफ्यूज करून तळाचा गाळ धुतला, त्यावर फॉर्मिक ॲसिड घातलं. पहिल्या स्पॉटला मशीनने हात वर केले. यीस्टची भिंत जाड, गाळात रक्ताचे अवशेष. थेट बाटलीतून करताना हे व्हायचंच. आमच्या टेक्निशियनने काही न बोलता उरलेला गाळ पुन्हा धुवायला घेतला. दुसऱ्या स्पॉटला स्कोअर चांगला आला: कॅन्डिडा ग्लाब्राटा. दुपारच्या जेवणाआधी नाव आयसीयूत पोचलं. मायकाफंगिनचा पहिला डोस तोवर गेलेला होता, आणि मला त्याचंच जास्त समाधान वाटलं.

संध्याकाळी लाइन बदलली. संवेदनशीलतेचा रिपोर्ट आला त्यात फ्लुकोनाझोल प्रतिरोधक, मायकाफंगिन लागू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासला, तो स्वच्छ निघाला. पुढचं कल्चर पुन्हा पॉझिटिव्ह आलं, त्यानंतरचं निगेटिव्ह. उपचाराचे १४ दिवस या निगेटिव्ह कल्चरपासून मोजायचे, हे फाइलवर ठळक लिहायला लावलं. नाहीतर पहिल्या डोसपासून मोजून औषध लवकर बंद होतं.

रेसिडेंट स्लाइड बघायला खाली आला, बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळे लावून बसला. जाताना म्हणाला, "मॅडम, मग बीटा-डी-ग्लुकन पाठवत जाऊ की नको?"

"पाठव. पण अल्ब्युमिन चढवायच्या आधी."