सर, पुढं वाचा

माकडाच्या पंजाची गोष्ट आम्ही दहावीत ऐकली. साल १९८६. पावसाळ्यातला शनिवार, सकाळची शाळा, शेवटचा तास. बाहेर असा पाऊस लागला होता की पत्र्याच्या आवाजात सरांना दोनदा थांबावं लागलं. इंग्रजीचे सर धारवाडकडचे, घरी कन्नड बोलणारे. मराठी ते आमच्याकडूनच शिकत होते. गोष्ट आमच्या पुस्तकात नव्हती. सरांनी स्वतःचं जुनं पुस्तक आणलं होतं. महत्त्वाचं वाक्य इंग्रजीत वाचायचे, मग मराठीत सांगायचे.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स या इंग्रज लेखकानं ही गोष्ट १९०२ साली प्रसिद्ध केली. एक म्हातारा, त्याची बायको आणि हर्बर्ट हा तरुण मुलगा. वादळी रात्री बाप-लेक बुद्धिबळ खेळत बसलेत आणि बाप उगाच धाडसाची चाल करून राजा धोक्यात घालतो. हिंदुस्थानात एकवीस वर्षं नोकरी केलेला एक सार्जंट मेजर घरी येतो. त्याच्याजवळ माकडाचा वाळलेला पंजा असतो. माणसाचं आयुष्य नशिबाच्या हाती असतं, त्यात लुडबुड करणाऱ्याला पस्तावावं लागतं, हे दाखवायला एका फकिरानं त्यावर मंत्र घातलेला. तीन माणसांना तीन-तीन इच्छा. पहिल्या माणसाची तिसरी इच्छा मरणाची होती.

तुमच्या पुऱ्या झाल्या का, असं सार्जंट मेजरला विचारतात तेव्हा तो ‘झाल्या’ एवढंच म्हणतो आणि त्याचा चेहरा पांढरा पडतो. काय मागितलं ते सांगत नाही. सरांनी विचारलं, का सांगत नसेल? आमच्यातल्या एकाचे आजोबा बेळगावच्या मराठा रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. तो उठून म्हणाला, ‘आमचे आजोबाबी लढाईचं विचारलं की उठून गोठ्यात जातात.’ सर म्हणाले, ‘बरोबर. बस.’ इंग्लंडातला तो माणूस त्या क्षणी आमच्या गावचा झाला.

म्हातारा दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस दारात येतो. हर्बर्ट यंत्रात सापडून गेला. कंपनी जबाबदारी घेत नाही, पण मुलाच्या नोकरीची कदर म्हणून काही रक्कम देते. किती? दोनशे पौंड. यंत्रात सापडणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको होतं. ज्या गावाच्या शिवारात दरवर्षी गुऱ्हाळं लागतात, तिथल्या पोरांनी चरकात ऊस घालताना कोपरापर्यंत हात गेलेला माणूस पाहिलेला असतो.

मग वाद सुरू झाला. एक हुशार मुलगा म्हणाला, लोभाचं फळ. हे उत्तर परीक्षेत चाललं असतं. पण जिची आई दिवसभर विड्या वळायची ती मुलगी म्हणाली, ‘लोभ कुठला सर? घराचे राहिलेले पैसे फेडायला मागितले त्यानं. आमचे बाबा चिंचलीच्या मायाक्काला सोसायटीचं कर्ज फिटू दे म्हणून सांगतात. तेबी लोभी काय?’ त्यावर आणखी कुणी म्हणालं, नवसात आपण काहीतरी कबूल करतो, नारळ, ओटी, पायी येणं. या म्हाताऱ्यानं पंजाला काहीच कबूल केलं नाही, म्हणून पंजानं आपल्या मनानं घेतलं. सरांनी पुस्तक उलटं ठेवलं आणि आम्हाला बोलू दिलं. त्या गोष्टीवरचं पुष्कळ लिखाण मी पुढं वाचलं. नवसाचा हा मुद्दा मला दुसरीकडं कुठं सापडला नाही, आणि तो मला आजही पटतो.

त्यानंतरचा भाग मला लिहायला जड जातो.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचा मोठा भाऊ आदल्या वर्षी वेदगंगेच्या पुरात गेला होता. चौथ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला. सर नवीन होते, त्यांना हे ठाऊक नव्हतं. गोष्टीत एका रात्री आई उठून म्हणते, दुसरी इच्छा माग, माझा मुलगा जिवंत कर. बाप म्हणतो, त्याला जाऊन दहा दिवस झाले, आणि मी त्याला नुसत्या कपड्यांवरून ओळखलं. सरांनी हे वाक्य आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. सगळा वर्ग मागं वळून तिच्याकडं बघू लागला. तिच्या भावालाही शर्टावरूनच ओळखलं होतं.

सरांना काहीतरी कळलं. त्यांनी पुस्तक मिटलं. पावसाशिवाय कसलाच आवाज नव्हता. ती जागेवरूनच म्हणाली, ‘सर, पुढं वाचा.’

सरांनी वाचलं. दारावरची थाप. आई खाली धावते. वरच्या कडीला हात पोचत नाही म्हणून खुर्ची ओढते. बाप अंधारात जमिनीवर हात फिरवत पंजा शोधतो. कडी सरकते त्याच क्षणी त्याला पंजा सापडतो, तो तिसरी इच्छा मागतो. थाप थांबते. दार उघडतं तर समोरच्या दिव्याच्या उजेडात रस्ता ओस पडलेला.

‘बापानं बरोबर केलं का?’ सरांनी विचारलं. मुलं म्हणाली, बरोबर. यंत्रात सापडलेला, जाऊन दहा दिवस झालेला, काय आलं असतं दारात? ती उभी राहिली. ‘मी दार उघडलो असतो,’ आमच्याकडच्या पोरी बोलतात तशीच ती म्हणाली. ‘कसाबी असला तरी. आपला हाय न्हवं तो.’

कुणीच उत्तर दिलं नाही. मग सुभेदारांचा नातू हळूच म्हणाला, ‘सर, दहा दिवस म्हणजे दहावा.’ नदीवर पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात तेव्हा घरचे हात जोडून काय म्हणतात? पोरांना सांभाळतो, बहिणीचं लग्न करून देतो, तू सुखानं जा. थांब असं कुणी म्हणत नाही. तिथं गेलेल्याच्या इच्छा पुरवायच्या असतात. या गोष्टीत राहिलेल्यांनी आपल्या इच्छा मागितल्या. सर म्हणाले, कावळ्याचं आमच्यातही आहे. आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

तिसरी इच्छा काय होती, हे जेकब्सनं गोष्टीत कुठंच लिहिलेलं नाही. सोमवारी सरांनी तेवढंच लिहून आणायला सांगितलं, मराठीत चालेल म्हणाले. आम्ही पानपानभर लिहिलं. परत जा, मातीत मिळून जा, हे सगळं स्वप्न ठरू दे. सरांनी एकेक वही वाचून दाखवली, नावं न घेता. एका वहीत एकच ओळ होती आणि ती कुणाची हे सगळ्यांना कळलं:

‘त्याला आता दुखू नये.’

म्हणजे बापानं जे मागितलं असेल ते तिला कळलं होतं, आणि तरी तिनं दार उघडलं असतं. दोन्ही एकाच वेळी. माझ्या वडिलांच्या दहाव्याला वेदगंगेच्या काठावर हात जोडून उभा होतो तेव्हा मला हीच ओळ आठवली. कावळा बराच वेळ येत नव्हता. मनात एकीकडं जा म्हणत होतो आणि दुसरीकडं वाटेकडं बघत होतो.

सर सेवानिवृत्त होऊन धारवाडला गेले. शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या मेळाव्याला ती येणार आहे असं कळलं, लेकीला घेऊन. भेटली की विचारणार आहे, आजही उघडशील का.