मुक्काम नेर्हाला, संध्याकाळ फ्रिहिलियानाला

दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर नेर्हा, आणि तिथून सहा किलोमीटर आत, समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटर उंचीवर फ्रिहिलियाना. दोन्ही गावं एका दुपारीत उरकायचा बेत करू नका. नेर्हात किमान दोन रात्री राहा.

मालागा विमानतळावरून सी-१ लोकलने मारिया सांब्रानो स्टेशनला उतरायचं. बसस्टँड लागूनच आहे. नेर्हा तिथून पन्नासेक किलोमीटर. गावोगाव थांबणारी बस फार रेंगाळते, म्हणून तिकीट काढताना सुटण्याची नव्हे, पोचण्याची वेळ बघा.

इथली वाळू करडी आणि खडेमिश्रित. अनवाणी चालणं उन्हाळ्यात अशक्य, पाण्यात जायच्या चपला हव्यातच. ‘बाल्कॉन दे एउरोपा’ या सज्जावर गर्दी कायमचीच. १८८४च्या भूकंपानंतर राजा बारावा अल्फोन्सो इथे आला होता, हे नाव त्यानेच दिलं असं सांगतात. मारो या शेजारच्या गावाजवळची गुहा मात्र चुकवू नका. १९५९मध्ये गावातल्या पोरांना ती सापडली; आतला एक खांब ३२ मीटर उंच आहे. जिने भरपूर आहेत, गुडघे दुखत असतील तर आधी विचार करा.

फ्रिहिलियानाला उन्हं कलल्यावर जा. भर दुपारी पांढऱ्या भिंतींवरून ऊन डोळ्यांत घुसतं, आणि सहलीच्या बसही तेव्हाच आलेल्या असतात. नेर्हाहून स्थानिक बस वीसेक मिनिटांत वर नेते. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि परतीची शेवटची बस आधीच विचारून ठेवावी. गाडी घेतलीत तर पार्किंगसाठी घिरट्या आल्याच.

जुन्या वस्तीत गल्ल्या म्हणजे पायऱ्याच, गोटे बसवलेल्या. पर्वती चढणाऱ्याला ही चढण किरकोळ, त्रास उतरताना. गोटे पायांनी घासून गुळगुळीत झालेत, सपाट तळव्याची सँडल सटकते. भिंतींवरच्या चिनी मातीच्या फरशांवर १५६९च्या मोरिस्को (म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेले मुसलमान) उठावाची हकिगत लिहिलेली आहे. त्यातली इथली लढाई गावामागच्या ‘एल फुएर्ते’ डोंगरावर झाली.

गावाच्या तोंडाशी ‘एल इन्हेनियो’ ही जुनी वाड्यासारखी इमारत आहे. तिथे उसाची काकवी बनते. हो, आपलीच काकवी! वांग्याच्या पातळ चकत्या पिठात घोळवून कुरकुरीत तळतात आणि वरून तिची धार सोडतात. ‘बेरेन्हेनास कोन मिएल दे कान्या’ मागवा आणि लगेच संपवा, पाचेक मिनिटांत चकत्या मऊ पडतात. कडक शाकाहारी असाल तर मासळी तळलेल्याच तेलात तळतात का, हे विचारा.

नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून भागत नाही. सॅलडवर टूना येतो, साल्मोरेहो या टोमॅटोच्या थंड, दाट सूपवर हॅमचे तुकडे. ‘सिन हामोन, सिन आतून’ असं नाव घेऊन सांगा. बदाम-लसणाचं थंडगार आहोब्लांको, वर द्राक्षं, हे सहसा निर्धोक. चारच्या सुमारास बरीच स्वयंपाकघरं बंद होतात, ती आठपर्यंत.

काकवीची बाटली घेतलीत तर चेक-इन बॅगेत टाका. १०० मिलीच्या वरचं पातळ काही हातातल्या बॅगेत असेल तर बऱ्याच विमानतळांवर काढून घेतात.